सॅकमध्ये मावणारी बंदूक

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

तुझा मेल गुरुवारीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर आटोपण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. ट्रेकला न्यायला आणि गाडीत ठेवायला सुटी होणारी छोटी रायफल हवी, आणि मी बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जातो म्हणून मला विचारतोयस. अरे, मी तिथे रविवारी सकाळी ५० मीटरवर कागदाला भोकं पाडतो, एवढीच माझी पात्रता. पण विचारलंच आहेस तर ऐक.

टेकडाऊन, म्हणजे अशी सुटी होणारी बंदूक, हे तुम्हा अमेरिकावाल्यांचं नवं खूळ आहे असं समजू नकोस. आमच्या आबांची ओतूरची दोननळी आठवते? पुढचं लाकूड खटकन काढायचं, वरचा खटका बाजूला सारून नळ्या खाली पाडायच्या आणि उचलून घ्यायच्या. दोन तुकडे, चामड्याची पेटी. निवडणुका लागल्या की आबा ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून ठाण्यात जमा करायला निघायचे आणि वाटेत कुणीतरी विचारायचंच, "काय आबा, आज भजन कुठं?" त्या बंदुकीचं पुढे काय झालं, तेच तुझ्या कामाचं आहे. येईल त्या पाहुण्याला आबा ती सुटी करून दाखवायचे. सांध्यात धूळ, वर तेलाचं बोट. वीस वर्षांत सांधा इतका सैल झाला की बंद केल्यावर नळ्या हाताला हलायच्या. शेवटी कारागिराने आबांनाच झापलं.

तेव्हा सुटी होणारी बंदूक घेताना लांबी-वजनाच्या आधी सांधा बघ. पुन्हा जोडल्यावर गोळी मागच्याच जागी जाते का? हे ठरतं ते नेम धरायची साधनं कुठे बसवलीत त्यावर. रुगर कंपनीच्या टेन-ट्वेंटीटू टेकडाऊन या छोट्या रायफलीच्या साध्या मॉडेलला पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असतात. सांध्यात केसभर फरक पडला तरी माशी, खाच आणि नळी एकमेकांना सोडत नाहीत. तू मात्र लगेच दुर्बीण लावशील, मी ओळखतो तुला. दुर्बीण बसते रिसीव्हरवर, म्हणजे घोडा-बोल्ट असलेल्या मधल्या भागावर, सांध्याच्या अलीकडे. मग प्रत्येक जोडणीची परीक्षा आली. लावायचीच असेल तर रेंजवर पाच गोळ्या मार, सुटी कर, जोड, पुन्हा पाच मार, असं चारपाच वेळा कर. कागदावरचा भोकांचा गठ्ठा सरकत असेल तर सांध्याजवळची कंगोऱ्यांची रिंग फिरवून ताण वाढवता येतो.

गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्या शेजारच्या आजोबांनी अंगणातल्या टेबलावर दोन रायफली मांडल्या होत्या, ते आठव. मी टुरिस्ट व्हिसावाला, हात मागे बांधून नुसता बघत होतो. एक हीच रुगर. दुसरी एआर-सेव्हन. तिची नळी, रिसीव्हर, मॅगझिन सगळं पोकळ दस्त्याच्या पोटात जातं, वर झाकण. शाळेतली कंपासपेटीच! मूळ कल्पना बंदुकांचा डिझायनर यूजीन स्टोनरची, अमेरिकन हवाई दलासाठी केलेल्या एआर-फाइव्ह रायफलीवरून निघालेली. विमान पडलं तर वैमानिकाच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून. हल्ली हेन्री कंपनी ती बनवते. वजन साधारण १.६ किलो, मिटल्यावर साडेसोळा इंच. रुगर २.१ किलोच्या आसपास आणि सॅकमध्ये बरीच जागा खाते.

कागदावर एआर-सेव्हन जिंकते. तरी मी रुगरच म्हणेन. एआर-सेव्हनचा पीप, म्हणजे मागचं नेमाचं भोक, रिसीव्हरवर आणि माशी नळीवर, म्हणजे नेमाची दोन टोकं सांध्याच्या दोन बाजूंना. शिवाय तो जाडजूड पोकळ दस्ता गालाला नीट बसेल असं मला वाटत नाही. ज्या रायफलीवर मजा येत नाही तिचा सराव होत नाही, ती नुसती डिकीत पडून राहते. आणि कोणतीही घे, काडतुसं चारपाच प्रकारची थोडी थोडी आणून बघ. आम्ही मॅचला वापरतो ती हळू काडतुसं अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत कधी कधी बोल्ट पुरता मागे ढकलत नाहीत.

आता अस्वल. ट्रेकला अस्वल आडवं आलं तर, हे मेलमध्ये तू कंसात लिहिलंयस, पण खरा विषय तोच आहे ना? या दोन्ही रायफली पॉइंट ट्वेंटीटूच्या, आणि ती गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. आपल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते याच काडतुसावर, पण त्याच्यासमोर दहाचं वर्तुळ होतं १०.४ मिलिमीटरचं, आणि ते अंगावर धावून येत नव्हतं. दोनशे किलोच्या ग्रिझलीला ही गोळी म्हणजे चिडवणं. त्यातून ती रायफल सॅकच्या तळाशी, दोन तुकड्यांत! अस्वलासाठी बेअर स्प्रे, म्हणजे मिरचीचा फवारा, घे आणि तो कमरेला लाव, सॅकमध्ये नाही. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे, तो पाळ. २०१० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, पण ती झाडणं वेगळं, आणि व्हिजिटर सेंटरमध्ये ती नेता येत नाही. म्हणजे ही रायफल कॅम्पबाहेर, परवानगीच्या जागी डबे पाडायला आणि लायसन्स काढलंस तर सशांना. एवढंच तिचं काम.

गाडीचं थोडक्यात. राज्य बदललं की नियम बदलतो. राज्याराज्यांतून जाताना १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण हवं असेल तर बंदूक रिकामी, डिकीत. तुझ्या सुबारूला वेगळी डिकी नाही, म्हणून कुलपाच्या पेटीत. ग्लव्ह बॉक्स चालत नाही. आणि ट्रेलच्या पार्किंगमध्ये रात्रभर ठेवू नकोस. मालक डोंगरावर आहे हे चोरालाही कळतं. बरं झालं तुझं ग्रीन कार्ड आलं. एच-वन-बी वर्क व्हिसावर असतास तर आधी शिकारीचं लायसन्स काढावं लागलं असतं, त्याशिवाय बंदूक हातात धरणंही गुन्हा.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. भीमाशंकरला अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि ओतूरला उसातून बिबट्या फिरतो तरी लोक संध्याकाळी मोबाइलवर गाणी लावून, हातात काठी घेऊन पाणी द्यायला जातात. आबांची दोननळी बाबांनी परवान्यासकट परत केली. पेटी तेवढी राहिली आहे. आई त्यात लोकरीचे गोळे ठेवते.

डिसेंबरात येशील तेव्हा बालेवाडीला चल. आणि काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या