फोटोग्राफरला कॅमेरा कुठला ते विचारणं आता बास करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत अधूनमधून फोटोग्राफर लोकांच्या मुलाखती येतात आणि मी त्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, कारण माझं पोट याच धंद्यावर आहे (समारंभ, पोर्ट्रेट, कंपन्यांची कामं, जे येईल ते). पण खरं सांगू का, वाचून झालं की चिडचिडच होते. कॅमेरा कुठला वापरता, आवडती लेन्स कोणती, हा फोटो कसा काय मिळाला, नवीन मुलांना काय सल्ला द्याल, संपली मुलाखत. समोरच्या माणसाचं अर्धं आयुष्य बघण्यात गेलंय आणि आपण त्याला हत्यारांची यादी विचारतोय. तो पण बिचारा यादी देतो. कधीतरी असं विचारा ना की तुम्ही एवढे फोटो काढलेत त्यातला हाच का ठेवला आणि बाकीचे का टाकले? फोटोग्राफरचं डोकं कसं चालतं ते तिथे कळतं, तो काय ठेवतो आणि काय टाकून देतो त्यात. बटण दाबायला काय, सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

रॉबर्ट फ्रँकचंच घ्या. हा मूळचा स्विस फोटोग्राफर, 1955 ते 57 मध्ये फेलोशिपच्या पैशांवर गाडी घेऊन अख्खी अमेरिका फिरला, 27-28 हजार फ्रेम काढल्या आणि शेवटी पुस्तकात छापल्या किती तर 83. फक्त 83! हजारभर वर्क प्रिंट (निवडीसाठीच्या कच्च्या प्रिंट) काढून त्या भिंतीवर लावायच्या, जमिनीवर पसरायच्या, कशाच्या शेजारी काय ठेवायचं ते बघायचं, परत काढायचं, परत लावायचं असं किती तरी महिने चाललं होतं. पुस्तक पहिल्यांदा 1958 साली फ्रान्समध्ये निघालं, मग पुढच्या वर्षी अमेरिकेत, आणि तिकडच्या टीकाकारांनी सुरुवातीला झोडपलंच, की फोटो अंधूक आहेत, तिरके आहेत, ग्रेन (फिल्मचे दाणे) दिसतोय. आता गंमत बघा, त्या 28 हजारांत सरळ, स्वच्छ, टेक्निकली नीट फोटो नसतील का? ढिगाने असणार. त्याने ते घेतले नाहीत. त्याला ज्या क्रमाने अमेरिका दाखवायची होती, म्हणजे मध्येच एक झेंडा, मग गाड्या, मग ज्यूकबॉक्स, परत झेंडा, त्या क्रमात ते बसत नव्हते म्हणून गेले. मला तर वाटतं त्याची कला कॅमेऱ्यापेक्षा त्या भिंतीवर जास्त घडली.

गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर दुसऱ्या टोकाचा. रस्त्यावर उभा राहून सतत शूट करायचा, आणि फिल्मचा रोल लगेच डेव्हलप करायचाच नाही (म्हणजे धुवायचाच नाही), मुद्दाम बराच काळ पडू द्यायचा. का तर फोटो काढताना आपला मूड चांगला असला की तो फोटोच चांगला वाटायला लागतो, ती आठवण पुसली गेल्याशिवाय नीट निवडता येत नाही. हे मला शंभर टक्के पटतं. समारंभात एखादा क्षण पकडला की त्या रात्री तो फोटो भारी वाटतो, पंधरवड्याने उघडला की दिसतं की अरे, भारी होता तो प्रसंग, फोटोत त्यातलं काहीच आलेलं नाही. पण विनोग्रँडचं हे पुढे हाताबाहेर गेलं, 1984 मध्ये तो वारला तेव्हा अडीच हजाराच्या आसपास रोल डेव्हलपच न केलेले मागे राहिले होते. ते मग दुसऱ्यांनी डेव्हलप केले, दुसऱ्यांनी निवडले, प्रदर्शनं केली, आणि मग प्रश्न येतो की ते फोटो नक्की कोणाचे म्हणायचे. बटण त्याचं, निवड भलत्याची. मी अजून स्वतःशी यावर भांडते आणि बऱ्याचदा निवडणाऱ्याच्या बाजूला जाते.

आता कोणी म्हणेल की असे पण लोक आहेत जे ढीग काढतच नाहीत. आहेत ना, अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टन. एका गोष्टीचा एकच फोटो, दुसरा नाही. त्याचं कारण तर फारच आवडतं मला, की दोन-तीन काढले तर नंतर त्यातला बरा कुठला या गोंधळात पडायला होतं. म्हणजे निवड त्याने पण केलीच, फक्त ती कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी उरकून टाकली. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये त्याचं रंगीत फोटोंचं प्रदर्शन लागलं तेव्हा लोक वैतागले होते, कारण तेव्हा 'कला' म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट आणि रंगीत म्हणजे जाहिराती नाहीतर घरगुती अल्बम, असा कारभार. रंग ठेवायचा की काढायचा ही पण निवडच की. आपल्याकडे फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी तर आयुष्यभर रंगातच काम केलं, त्यांचं म्हणणं असं की इथलं बघणं रंगाशिवाय होऊच शकत नाही. आजकाल फोनवर एक बोट फिरवलं की फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो आणि लगेच 'आर्टिस्टिक' म्हणून टाकला जातो. त्या माणसाला विचारा की रंगाने नेमका काय त्रास दिला होता, उत्तर येणार नाही.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतल्याशिवाय असा विषय संपतच नाही, म्हणून घेते. त्याचं 'निर्णायक क्षण' (सगळं जुळून येतं तो नेमका क्षण पकडायचा) हे सगळ्यांना पाठ आहे. त्या नावाचं पुस्तक 1952 चं. छोटा लायका कॅमेरा, बहुतेक वेळा 50 एमएमची एकच लेन्स, चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकलेले, फोटो क्रॉप करायचा नाही, म्हणजे कडेचं काही कापायचं नाही, फ्रेम जशी घेतली तशीच अख्खी छापायची. हे सगळं ऐकून पोरांना वाटतं की हा जादूगार होता, बरोब्बर त्याच क्षणाला बोट दाबायचा आणि घरी जायचा. तसं नाहीये. त्याच्या कॉन्टॅक्ट शीट बघा (रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या छोट्या एकाच कागदावर छापलेल्या असतात त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात, नवीन मुलांना माहीत नसेल), त्यात तोही एकाच जागी घुटमळताना, दोन पावलं सरकताना, वाट बघताना दिसतो. आणि तो जगप्रसिद्ध फोटो, पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनमागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस, 1932 चा, तो क्रॉप केलेला आहे! कुंपणाच्या फटीतून काढला होता, एका बाजूला फळी आडवी आली, ती कापावी लागली. क्रॉपला एवढा विरोध असणाऱ्या माणसाचा सगळ्यात गाजलेला फोटो क्रॉप केलेला, याचा मला मनापासून आनंद होतो. नियम मोडला म्हणून आनंद नाही हं. नियमापेक्षा फोटो मोठा आहे हे त्याने ओळखलं आणि तो टाकून दिला नाही म्हणून.

बरं, निवड फोटो काढून झाल्यावर पण संपत नाही. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतला चंद्रोदयाचा फोटो आहे, 1941 चा. संध्याकाळ झालेली, खाली छोटं गाव, थडग्यांवरच्या क्रॉसवर शेवटचा उजेड, आणि याला लाइट मीटरच (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना. मग चंद्र किती प्रकाशमान असतो तो आकडा डोक्यात होता त्यावरून एक्सपोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) ठरवलं, एक निगेटिव्ह (जिच्यावरून प्रिंट काढतात ती फिल्म) घेतली, दुसरी घ्यायच्या आत उजेड गेला. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती थरारक आहे. पुढचं फार कोणी सांगत नाही. त्या एकाच निगेटिव्हवरून त्याने पुढची तीसेक वर्षं हजारावर प्रिंट काढल्या आणि त्या एकसारख्या नाहीत, आधीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांचे फिकट पट्टे दिसतात आणि नंतरच्यांत आभाळ जवळजवळ काळं होत गेलंय. माणूस तोच, निगेटिव्ह तीच, पण काय दाखवायचं ते बदलत गेलं. त्याचं स्वतःचं म्हणणं असायचं की निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन (तो आधी पियानो वाजवायचा, त्यामुळे ते त्याच्या तोंडी शोभतं). त्यामुळे "एडिटिंग केलंय म्हणजे खरा फोटो नाही" असं कोणी म्हटलं की मी वाद घालत बसत नाही, अ‍ॅडम्सच्या त्या दोन प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून बघा म्हणते.

आणि क्षणबिण काही नकोच असं म्हणणारे पण आहेत. बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन फोटोग्राफर नवरा-बायको. 1959 पासून पुढची कित्येक वर्षं पाण्याच्या टाक्या, ब्लास्ट फर्नेस (लोखंड वितळवायच्या भट्ट्या), खाणींचे मनोरे यांचेच फोटो. ढगाळ दिवस निवडायचा म्हणजे सावल्या नकोत, समोरून काढायचा, माणूस फ्रेममध्ये नको, आणि मग एकाच जातीच्या नऊ-बारा-पंधरा टाक्या एकत्र ग्रिडमध्ये लावायच्या. एक फोटो सुटा बघितला तर तुम्ही म्हणाल काय हे, सरकारी रेकॉर्डचा फोटो आहे. पंधरा एकत्र बघितले की डोळा आपोआप फरक शोधायला लागतो आणि मग सुटत नाही. 1990 मध्ये व्हेनिस बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेसाठीचं, फोटोग्राफीसाठीचं नाही! आपल्याकडच्या फोटोग्राफर दयानिता सिंग पण साधारण याच दिशेचा विचार वेगळ्या रीतीने करतात, फोटो भिंतीवर एकदा टांगला की झालं हे त्यांना मंजूर नाही, त्या लाकडी घडणीत फोटो बसवतात, त्यांचा क्रम बदलता येतो, पुस्तकालाच प्रदर्शन करून टाकतात. अशा लोकांना कॅमेरा कुठला विचारून काय हाती लागणार सांगा.

आता अवघड भाग. काढून टाकणं कुठे थांबवायचं? डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईने 1936 साली कॅलिफोर्नियात त्या स्थलांतरित मजूर आईचे फोटो काढले, लांबून सुरुवात करून जवळ जवळ येत गेली, आणि सगळ्यात जवळचा फोटो जगभर गेला. त्याच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता, तो तिने नंतर निगेटिव्हमधून घालवला. एक अंगठा, काय एवढं, असं मला आधी वाटायचं. पण मग स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन फोटोग्राफरचं 2016 चं प्रकरण घ्या, त्याच्या फोटोंतून अख्खी माणसं गायब केलेली लोकांनी शोधून काढली आणि त्याने म्हटलं की मी पत्रकार नाही, मी दृश्यांतून गोष्ट सांगणारा. सांगा की गोष्ट, पण मग बघणाऱ्याला आधी सांगायला नको का? माझी रेघ साधी आहे: फ्रेमच्या बाहेर ठेवलं ती निवड, फ्रेममधून पुसलं ती बनवाबनवी, निदान बातमीच्या फोटोत तरी. पोर्ट्रेटमध्ये मी स्वतः पुटकुळ्या पुसते, गिऱ्हाईक पैसे त्याचेच देतं, ते वेगळं खातं. आणि लँगच्या त्या आईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळलं 1978 मध्ये, चाळीसेक वर्षांनी, आणि ती त्या फोटोवर खूश नव्हती. चेहरा निवडला, नाव निवडलं नाही. अंगठ्यापेक्षा मला हे जास्त टोचतं.

एआयबद्दल पण सगळे विचारतात म्हणून दोन ओळी. 2023 मध्ये बोरिस एल्डागसेन नावाच्या जर्मन कलाकाराने सोनीच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालेलं नाकारलं, कारण ते चित्र एआयने बनवलेलं होतं आणि त्याला हेच बघायचं होतं की परीक्षकांना कळतंय का. लोक म्हणाले आता फोटोग्राफी संपली. मला नाही वाटत. एआयकडून मागवायचं म्हणजे जे डोक्यात आधीच आहे ते मागवायचं. आमच्या कामात जे समोर येतं ते आम्ही मागवलेलंच नसतं, मध्येच कोणी आडवं येतं, उजेड भलतीकडे पडतो, आणि त्यातून ठेवायचं-टाकायचं ठरवावं लागतं. सगळं मनासारखं मिळालं तर निवडायचं काय उरलं?

माझी भीती उलट आमच्याच लोकांबद्दल आहे. बर्स्ट मोडवर (बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो निघतात तो) सेकंदाला वीस फोटो, रात्री सॉफ्टवेअर सांगणार की यात डोळे उघडे आहेत, हा शार्प आहे, हा ठेव. शार्प आणि डोळे उघडे हा निकष लावला असता तर फ्रँकचे अर्धे फोटो त्याच रात्री उडाले असते. मी तरी पहिली चाळणी मशीनकडे देत नाही, वेळ जातो, गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. एक म्हणजे बातमीतल्या फोटोखाली नुसतं 'संग्रहित छायाचित्र' लिहून मोकळे होता ते बंद करा, कोणी काढला आणि कधी काढला ते लिहा, बातमीदाराचं नाव छापता तसं. दुसरं, मुलाखत घ्याल तेव्हा त्या फोटोग्राफरला सांगा की तुमचा गाजलेला फोटो आणा आणि त्याच्या मागेपुढे काढलेले, तुम्ही न वापरलेले तीन-चार पण आणा. ते शेजारी-शेजारी छापा आणि हा का, तो का नाही, एवढंच विचारा. काही जण देणार नाहीत, टाकलेले फोटो दाखवायला लाज वाटते आमच्या लोकांना, तेही छापा की यांनी नकार दिला म्हणून. जागा नाही म्हणाल तर मुलाखतीशेजारी ती 'यांच्या बॅगेत काय' नावाची चौकट असते ना, लेन्सच्या मॉडेल नंबरांसकट, ती काढून टाका. चार फोटो आरामात मावतात तिथे, मी पट्टी लावून बघितलंय.

कळावे,
तुमची एक नियमित वाचक आणि पोटापाण्यासाठी फोटो काढणारी