इन्हेरिटन्सच्या आकृत्या पाठ, पण ऑब्जेक्टला विचारायचं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोग्रॅमिंगमधे एका क्लासने, म्हणजे साच्याने, दुसऱ्या क्लासचे गुण वारशाने घ्यायचे याला इन्हेरिटन्स म्हणतात. त्याचे प्रकार सांगा म्हटलं की आपल्याकडची पोरं झोपेतसुद्धा सांगतील, सिंगल, मल्टिपल, मल्टिलेव्हल, हायरार्किकल, हायब्रिड. पाचही आकृत्या पट्टीने आखून काढतील, बाण कुठल्या दिशेला हेही चोख. पण समोर एक ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडलेली वस्तू, ठेवून विचारा की बाळा हा नक्की कुठल्या क्लासचा, आणि याच्यावर तू जी मेथड, म्हणजे काम करणारं फंक्शन, चालवतोयस ती याची स्वतःची की वरच्या क्लासकडून आलेली, की झालं, गाडी तिथेच अडते. मी सॉफ्टवेअरमधे नोकरी करतो, फ्रेशर मुलांचे इंटरव्ह्यू घेतो आणि शेजारपाजारच्या बारावीच्या पोरांची जर्नलंही बघतो, दोन्हीकडे हेच दिसतं म्हणून हे पत्र.

आता पायथनचंच घ्या, हल्ली सगळ्यांना तेच शिकायचंय. मार्कांची बेरीज करणारा प्रोग्रॅम, त्यात मुलाने नीट विचार करून चेक टाकला की आलेली व्हॅल्यू इंट, म्हणजे पूर्णांक, आहे का ते इझइन्स्टन्स या फंक्शनने बघायचं, नसेल तर एरर. चांगली सवय आहे, कौतुकच करायला हवं. मग मी त्याला म्हणतो की आता मार्कांच्या जागी हजेरीचा कॉलम दे, ज्यात ट्रू आणि फॉल्स आहेत. प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही, ट्रूचा 1 आणि फॉल्सचा 0 धरून मस्त बेरीज काढून देतो! कारण पायथनमधे बूल, म्हणजे ट्रू-फॉल्सचा प्रकार, हा इंटचा सबक्लास, म्हणजे वारसदार क्लास, आहे, 2003 च्या 2.3 व्हर्जनपासून, आणि इझइन्स्टन्स वारसा बघतं, त्यामुळे ट्रू हा इंट आहे का या प्रश्नाला उत्तर हो असंच येणार. मग पोरगं हुशारी करून टाइप वापरतं, टाइप इज इंट, आता ट्रू बाहेर. बरोबर, पण त्याच चेकमुळे उद्या कोणी इंटएनमची, म्हणजे नाव दिलेल्या आकड्यांच्या क्लासची, व्हॅल्यू पाठवली, जी खरोखर आकडा म्हणूनच वापरायची असते, तर तीही बाहेर. म्हणजे एक चेक विचारतो तू या खानदानातला आहेस का, दुसरा विचारतो तू नेमका हाच आहेस का. कुठे कुठला लावायचा हे डोकं चालवून ठरवावं लागतं, ते कुठल्याच आकृतीत येत नाही.

आणि खानदान जुळलं म्हणून वागणूक जुळेलच याची गॅरंटी नाही हो. पायथनमधेच डेटटाइम हा डेटचा सबक्लास, चेकमधून आरामात पास होतो, पण त्याची साध्या डेटशी आधी-नंतरची तुलना करायला जा, टाइपएरर फेकून मोकळा. जावावाल्यांनी हसू नये, तुमच्याकडे स्टॅक, म्हणजे चवड, हा व्हेक्टरचा, म्हणजे कुठलाही घटक थेट काढता येणाऱ्या यादीचा, सबक्लास आहे, त्यामुळे वरचंच ताट उचलायचं असा नियम असलेल्या चवडीतून मधलं ताट खुशाल ओढता येतं, कारण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड वारशाने आल्यात. जावाचं डॉक्युमेंटेशन स्वतःच सांगतं की स्टॅक हवा तर डेक हा दुसरा प्रकार वापरा. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह बाईंनी 1987 मधे एका भाषणात हाच मुद्दा मांडला होता की जिथे बेस, म्हणजे वरच्या, क्लासचा ऑब्जेक्ट चालतो तिथे डिराइव्ह्डचा, म्हणजे त्याच्या वारसदाराचा, ठेवला तरी प्रोग्रॅमचं वागणं बिघडता कामा नये. पुढे 2008 चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा पुरस्कार, मिळालं त्यांना. आमच्या पोरांना बाईंचं नावही माहीत नसतं, असो.

मेथड कुठून आली हे बघायचं तर पायथनमधे फार सोपं आहे. डिर म्हटलं की स्वतःच्या आणि वरून आलेल्या सगळ्या एकत्र दिसतात, क्लासवर व्हार्स म्हटलं की फक्त त्या क्लासमधे लिहिलेल्या. आणि क्लासला एमआरओ, म्हणजे मेथड शोधायचा क्रम, विचारा, शोध कुठल्या क्रमाने होणार ती अख्खी रांग छापून मिळते. हायब्रिडची ती पतंगासारखी आकृती असते ना, वर ए, मधे बी आणि सी, खाली डी, ती घ्या. मेथड ए मधे आहे आणि फक्त सी ने ती बदलून लिहिलीय, तर डी वर कुठली चालेल? जुन्या पायथनमधे डी, बी, ए असं सरळ वर चढत जायचं आणि ए ची चालायची, सी बिचारा बाजूलाच. आताच्यात रांग डी, बी, सी, ए अशी लागते म्हणून सी ची चालते. सी प्लस प्लसमधे बी आणि सी ला वारसा देताना व्हर्च्युअल हा शब्द न लावता हेच केलंत तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा, म्हणतो मला कळत नाही कुठली घेऊ, आणि एरर देतो. हे पोरांना करून दाखवलं की डोळे चमकतात, आकृती पाठ करून नाही चमकत.

आता बारावीच्या जर्नलकडे येतो. आमच्या भागातल्या एका ज्युनियर कॉलेजात अजून डॉसबॉक्समधे, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, निळ्या स्क्रीनचं टर्बो सी प्लस प्लस चालतं, क्लीअरस्क्रीन, गेटसीएच, सगळं साग्रसंगीत. हा कंपायलर सी प्लस प्लसच्या 1998 च्या पहिल्या स्टँडर्डच्याही आधीचा, त्यात टायपआयडी नाही, डायनॅमिक कास्ट नाही. म्हणजे रन होत असताना ऑब्जेक्टला तू कोण हे विचारायची सोयच नाही, पोरं विचारणार कशी? शिक्षकांना दोष देत नाही, त्यांना मशीन जे मिळतं त्यावर शिकवावं लागतं. पण जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट आहे आणि लॅबमधल्या जुन्या पीसीवरही चालतं.

माझी मागणी एवढीच की जर्नलमधे एक प्रॅक्टिकल वाढवा. शेप क्लासचा पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणारा, त्यात शेपच्या वारसदार सर्कलचा ऑब्जेक्ट, आधी एरिया या मेथडला व्हर्च्युअल न लावता रन करा, शेपची एरिया चालेल आणि टायपआयडीसुद्धा शेपच सांगेल. मग तोच एक शब्द लावा आणि परत रन करा, दोन्ही ठिकाणी सर्कल येईल. एका तासात होतं. फक्त जीसीसीवर नाव छापताना सर्कलच्या आधी 6 असा आकडा येतो, तो एरर नाही, इंग्रजीत त्या नावात किती अक्षरं आहेत ते असतं, तेवढ्यासाठी एक्स्टर्नल परीक्षकांनी पोरांचे मार्क कापू नयेत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे