निकालानंतरचा पहिला रविवार

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

निकाल लागल्यावरच्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना (इतरांसाठी केलेली विनंती) चर्चमध्ये कशी घ्यावी, असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर सगळं मावलं नसतं म्हणून लिहितेय. 2024 च्या विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबरला, शनिवारी लागला आणि दुसऱ्या दिवशी लगेच उपासना होती. अशा वेळी जिंकलेल्या बाजूचा आणि हरलेल्या बाजूचा माणूस एकाच बाकावर बसलेला असतो.

बाबा, प्रार्थना आधी कागदावर लिहा आणि तीन मिनिटांत संपवा. लांबली की तिचं भाषण होतं. सुरुवात मतदान पार पडल्याच्या उपकारस्तुतीने करा. मग निवडून आलेल्या आमदाराला शहाणपण मागा, हरलेल्यांना धीर मागा, मतदान केंद्रांवर राबलेल्या शिक्षकांची आणि पोलिसांची आठवण ठेवा, शेवटी गावाचं पाणी, रस्ता, दवाखाना. पक्षाचं नाव कुठेच नको. ‘प्रभूने विजय दिला’ हे तर नकोच. तसं म्हटलं की दुसरीकडे मत दिलेला भाऊ प्रभूच्या विरोधात गेला असं ठरतं आणि त्याला आमेन म्हणता येत नाही. पौलाने तीमथ्याला राजांसाठी नि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा राज्य रोमचं होतं, मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, निवडलेलं नव्हतं. म्हणून सत्तेसाठी प्रार्थना केली तरी निवेदन देण्याचा, मोर्चात जाण्याचा हक्क शाबूतच राहतो.

आई, महिला मंडळात वाद झाला तर आधी बाईचं दुखणं कुठलं ते विचार. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलितांतून आलेले ख्रिस्ती बाहेरच राहिले. ज्या घरात मुलाचं शिक्षण यावर अडलं, ते घर त्याच प्रश्नावर मत देतं. कुणाला प्रार्थनासभेच्या सुरक्षिततेची काळजी असते, तर कुणाला कांद्याच्या भावाची. यातलं कुणीही विश्वासात कमी नाही. जकातदार मत्तय आणि जिलोत, म्हणजे रोमच्या सत्तेला कडवा विरोध करणारा, म्हणवला जाणारा शिमोन येशूच्या बारांतच होते.

पुलपीट, म्हणजे उपदेशाची जागा, मात्र कडक सांभाळा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, धर्माच्या नावाने मत मागणं हे भ्रष्ट आचरण आहे. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. प्रचारासाठी चर्च वापरायला आचारसंहितेचीही मनाई आहे. उमेदवार उपासनेला आला तर बाकावर बसू द्या, माइक देऊ नका. मंडळीच्या पंचांनी हे प्रचार सुरू होण्याआधीच ठरवून पाळकांना (पास्टरना) कळवावं. ऐनवेळी नाही म्हणणं फार जड जातं.

मंडळीच्या ग्रुपवर ‘यंत्रात घोळ झाला’ असं आलं, तर कुठल्या केंद्रावर, एवढंच विचारा. प्रत्येक केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशोब नमुना 17क मध्ये असतो आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधींना मिळते. ते आकडे मोजणीशी जुळत नसतील तर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. आकडा कुणाकडेच नसेल तर तो मजकूर पुढे पाठवू नका.

ज्यांची नावं मतदार यादीत सापडली नाहीत, त्यांची यादी याच आठवड्यात करा. नाव नव्याने घालायला नमुना 6, पत्ता बदलायला नमुना 8. मंडळीतली तरुण पोरं मोबाइलवर भरून देतील.

तुमची लेक