अंगणातून माजघरापर्यंत

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

नर्सच्या नेमणुकीची ऑर्डर हातात आल्याचा तुझा फोन आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी नुसतं "बरं, नीट जा" म्हणालो. तुला ते लागलं असणार. मनात खूप होतं, फोनवर एकही वाक्य धड येईना. म्हणून लिहितो आहे.

नंदुरबार जिल्हा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ११ महिन्यांचं कंत्राट. आईला त्या कंत्राटाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. रुग्णाला एक चेहरा ओळखीचा व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि आपण त्याच्यापुढे उभी राहणारी माणसंच दरवर्षी टांगणीला ठेवतो. नोकरीत असताना बैठकांमध्ये मी हे बोललो, आजही बोलतो. पण तू जा. तिथे सिस्टरची गरज आहे.

मी नर्स म्हणून आधीची १४ वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली आणि मग तालुक्यांच्या फेऱ्यांवर आलो. वॉर्डात दाराची चावी आपल्या कमरेला असते. जेवणाची वेळ, गोळीची वेळ, झोपायची वेळ आपण ठरवतो. वाडीवर गेलं की हे सगळं उलटतं. घर रुग्णाचं, दार त्याचं, आणि "आज नको" म्हणायचा हक्कही त्याचाच. पहिल्या फेऱ्यांना मी अंगणातच उभा असायचो. मग कधीतरी ओटीवर चटई टाकली जायची. माजघरात बोलावणं यायला कुठे सहा महिने लागले, कुठे तीन वर्षं. आणि खरं दुखणं असतं ते माजघरात. रात्री कोण झोपत नाही, भाकरी कोणाला वेगळी वाढतात, कोणाचं अंथरूण गोठ्याशेजारी टाकलंय, हे ओटीवरून दिसत नाही.

सरकारी गाडी घराच्या दारात कधीही उभी करायला लावू नकोस. गाडीवर कार्यक्रमाचं नाव असतं, त्यात 'मानसिक' हा शब्द असतो, आणि त्या एका शब्दापायी एका घरातल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडल्याचं मी पाहिलं आहे. तेव्हापासून मी एसटीच्या थांब्यावर उतरून चालत जायचो. बीपीचं मशीन पिशवीत असायचं. शेजारच्या चार घरांतही बीपी बघायचो, मनापासून बघायचो. वाडीला वाटायचं ब्रदर सगळ्यांकडे येतात, आणि ते खरंच होतं.

आता एका घराबद्दल. नाव-गाव सांगत नाही, तूही कधी कोणाचं सांगू नकोस, मलासुद्धा. सत्तरीची आई आणि पस्तिशीचा मुलगा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होऊन फार दिवस झाले नव्हते. मुलगा पडवीत खांबाला साखळीने बांधलेला, घोट्याला फडकं गुंडाळलेलं. त्या कायद्याचं ९५ वं कलम सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येणार नाही. कलम मला पाठ होतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला झोपडीला आग लागली आणि साखळ्यांत जखडलेली २८ माणसं गेली, तेही डोळ्यांपुढे होतं. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले, कारण ती म्हातारी म्हणाली, "ब्रदर, ह्याला सोडला की हा विहिरीकडं धावतो. मी कितीक धावू?"

मी तिला विचारलं, तुम्ही शेवटची पूर्ण रात्र कधी झोपलात? ती रडायलाच लागली. मग मी मुलापाशी जाऊन खाली बसलो आणि त्याला विचारलं, काय होतंय? त्याला हे कोणी विचारतच नव्हतं. तो म्हणाला, "पायाला लागतं." आवाज येतात, कोणी मारायला येतंय, ही बोलणी पुढच्या भेटींत झाली. त्या दिवशी त्याचं दुखणं पायाला होतं, म्हणून मी आधी पाय धुऊन मलमपट्टी केली.

दोन दिवसांनी मी डॉक्टरांना घेऊन पुन्हा गेलो. आईच्या झोपेसाठी शेजारच्या काकींना गळ घातली, विहिरीवर जाळी बसवण्यासाठी सरपंचांच्या मागे लागलो, आशाताईंना रोज एकदा डोकवायला सांगितलं. त्याला पटवून, त्याच्या होकाराने औषधं सुरू झाली आणि मग महिन्याचं इंजेक्शन. साखळी आधी दिवसा निघाली. रात्रीची निघायला आणखी पाच आठवडे गेले, आणि ते पाच आठवडे माझ्या जिवाला घोर होता. कायद्याने मी त्या दिवशीच पोलिसांना बोलवायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. तुझ्यापुढे असं घर आलं तर एकटी ठरवू नकोस, टीममध्ये त्याच दिवशी बोल. तुमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत, सोशल वर्कर आहेत, त्यांना सोबत घे.

ते इंजेक्शन तिळाच्या तेलात असतं, हे तुला शिकवलं असेलच. सिरिंज कोरडी हवी, हळू द्यायचं, बाजू दरवेळी बदलायची, वरून चोळायचं नाही. पण खरं काम सुई काढल्यावर सुरू होतं. पुढचे दिवस घरच्यांना सांगून ठेव: मान अकडली, जबडा आखडला, किंवा माणूस एका जागी बसूच शकेना, पाय सारखे हलवत फेऱ्या मारायला लागला, तर लगेच कळवा. घरच्यांना वाटतं आजार उसळला. पुष्कळदा ते औषधाचं असतं आणि त्याला उपाय असतो. तो त्रास वेळेत न ओळखल्यामुळे माणसं औषध सोडतात, आणि आपण रजिस्टरमध्ये 'असहकार' लिहून मोकळे होतो.

रजिस्टरवरून माझी एक चूक तुला सांगायलाच हवी. लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर असलेला एक रिक्षावाला, कित्येक वर्षं छान स्थिर. मे महिन्यात तो ओपीडीत आला. हात थरथरत होते, जीभ जड, चालताना झोक जात होता. भाऊ म्हणाला, परत प्यायला लागलाय. मी ते मानलं. वास घेतला नाही, पोटाचं विचारलं नाही. नोंद केली 'मद्यपान' आणि दोन समजुतीचे शब्द सांगून पाठवलं. त्याला चार दिवस जुलाब होत होते आणि कंबरदुखीसाठी तो दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होता. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं, आणि त्या गोळ्यांनीही वाढतं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर नव्हता. लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये असावी लागते, त्याची त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. तो वाचला. पण हाताची थरथर राहिली आणि रिक्षा सुटली.

बाय, मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्या माणसाचं शरीर आपण तपासायचंच सोडतो. मी सोडलं होतं. म्हणून उन्हाळ्यात लिथियमच्या प्रत्येक रुग्णाला विचार: पाणी किती पिता, मीठ बंद केलंय का, जुलाब-उलटी झाली का, दुसरी कुठली गोळी चालू आहे? शंका आली तर वाट बघू नकोस, डॉक्टरांना त्याच क्षणी सांग.

दुसरं विचारायचं ते मरणाबद्दल. सरळ विचार. "जीव नकोसा होतो का? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर घाईने उपदेश करू नकोस, बसून राहा. मग घरच्यांशी बोलून शेतीचं औषध, फवारणीचे डबे कुलूपबंद करून घे, किल्ली दुसऱ्याकडे. त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचव. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेव, रात्री-बेरात्री फुकट लागतो. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे, हे २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम गावकऱ्यांना समजावून सांग. पोलिसांच्या भीतीने किती घरं दवाखान्यात यायलाच उशीर करतात.

तिथली भाषा माझी नाही, म्हणून एवढंच सांगतो: आशाताईंकडून शब्द शिक. आपल्याकडे कोणी 'मला नैराश्य आहे' म्हणत नाही. 'हुरहूर लागते', 'डोकं भणभणतं', 'कशात जीव नाही' असं म्हणतात. तुझ्या पाड्यांवर काय म्हणतात ते वहीत लिहून ठेव. भगताशी वैर धरू नकोस. मी इथे सांगायचो, गाऱ्हाणं घाला, कौल लावा, पण गोळी चुकवू नका. दोन गुरव तर पुढे स्वतःच माझ्याकडे माणसं पाठवू लागले.

आणि तिथे दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला जातात. इथे चाकरमानी गणपती आटोपून मुंबईला परतताना रुग्णाला सोबत नेतात आणि औषध तुटतं, तसंच ते. निघायच्या आधी गाठ. औषधाचं नाव, मात्रा, इंजेक्शनची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात दे, तिची एक प्रत घरच्याच कोणाकडे दे, मुकादमाकडे नको. तारखेला जो आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जा. दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू झाले की घरातलं त्या माणसाचं ताट बदलतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तो पडवीतला मुलगा आता काकींच्या बागेला पाणी लावतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. म्हणतो, "येतात, पण लांबून." गेल्या शिमग्याला त्याच्या आईने मला माजघरात नेऊन पुरणपोळी वाढली, आणि तो दुधाची वाटी घेऊन आला.

आईने पिशवीत कोकमं आणि लाडू भरलेत. बॅटरी, घडीची छत्री आणि दोन जोडी मोजे मी घातलेत. पहिल्या फेरीहून आलीस की फोन कर. कोणाकडे गेलीस ते सांगू नकोस. चहा कुठे बसून प्यालीस तेवढं सांग, अंगणात की ओटीवर, आणि ओटीला तिथे काय म्हणतात तेही.

तुझे,
बाबा