लाइट गेली की कॉम्प्युटर का विझतो? दर वेळी बॅटरीला दोष देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचा पाऊस सुरू झाला की इन्व्हर्टरच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते. लाइट गेल्यावर पंखा-दिवे चालू राहतात, पण कॉम्प्युटर बंद पडतो आणि वायफाय जाते. त्यावर बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तरही ठरलेले: ‘बॅटरी उतरली आहे, बदलून टाका.’ १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी पंधरा हजारांच्या आसपास जाते. ती बदलली, तरी कॉम्प्युटर पडायचा तो पडतोच. बॅकअप किती तास पुरेल हे बॅटरीच्या हातात असते. तो किती चटकन येईल हे इन्व्हर्टर ठरवतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. ग्राहकाचे पैसे नाहक जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, म्हणजे एसएमपीएसमधले, वीज क्षणभर साठवणारे कपॅसिटर सप्लाय तुटल्यावर पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतात. लोड निम्मा असेल तर ही मुदत जवळपास दुप्पट होते. म्हणूनच नुसते टायपिंग चालू असताना निभावून नेणारा कॉम्प्युटर व्हिडिओचे काम चालू असताना दगा देतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये कपॅसिटरवरच काटकसर केलेली असते, तिथे एवढीही मुदत मिळत नाही. इन्व्हर्टरला आपले काम या वेळात उरकायचे असते.

ते काम दोन टप्प्यांचे. आधी मेनची वीज गेली हे ओळखायचे, मग रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकायचा. लाइट जाताना ‘टक्’ असा आवाज येतो तो या रिलेचा. त्याची पाती हलायला पाच ते दहा मिलिसेकंद लागतात आणि त्यात फारसा फरक पडत नाही. खरा वेळ जातो ओळखण्यात.

इथे इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचे ते छोटे बटण कामाला येते. त्याच्या एका टोकाला ‘यूपीएस’ लिहिलेले असते, दुसऱ्या टोकाला ‘नॉर्मल’, ‘इको’ किंवा ‘वाइड’. काही मॉडेलांत हीच निवड पुढच्या डिस्प्लेवरून करावी लागते. यूपीएस मोडमध्ये मेनचे व्होल्टेज साधारण १८० च्या खाली किंवा २६० च्या वर गेले की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर उडी मारतो. १० ते १५ मिलिसेकंदांत काम होते. वाइड मोडमध्ये तो १०० व्होल्टपर्यंत वाट पाहतो आणि ४० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. पंख्याला, ट्यूबला याचे काही वाटत नाही, कॉम्प्युटरला वाटते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा यूपीएस मोडचा असतो, आणि घरी बसवताना बटण मात्र अनेकदा वाइडवर सोडलेले असते, कारण त्याने ‘सारखा बॅटरीवर जातो’ ही तक्रार येत नाही. बॅटरी विकत घेण्याआधी हे बटण बघायला एक मिनिट लागते.

पण बटण यूपीएसवर टाकले की प्रश्न मिटला, असेही नाही. ज्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर रेंगाळते तिथे यूपीएस मोड म्हणजे रोजची डोकेदुखी. मेन चालू असतानाही इन्व्हर्टर दर दोन मिनिटांनी बॅटरीवर जातो, बॅटरी चार्ज व्हायच्या वेळी उलट खर्ची पडते आणि खरोखर लाइट जाते तेव्हा ती रिकामी असते. अशा ठिकाणी इन्व्हर्टर वाइडवरच ठेवावा आणि कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा साधा यूपीएस मध्ये लावावा. मेनवरून बॅटरीवर जाण्याचा त्याचा बदल चार ते आठ मिलिसेकंदांत होतो आणि आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी इन्व्हर्टर येईपर्यंतचा क्षण सहज भरून काढते. इन्व्हर्टर मात्र साइनवेव्ह, म्हणजे मेनसारखीच गुळगुळीत लहर देणारा, हवा. जुन्या स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरची वीज काही यूपीएस मानतच नाहीत. ते बॅटरीवरच राहून पीं-पीं करत संपून जातात.

दुकानात चोख चालणारा इन्व्हर्टर घरी का अडखळतो, हे सहसा कोणी सांगत नाही. दुकानात प्लगचे बटण बंद करून दाखवतात. तेव्हा सप्लाय सुरीने कापल्यासारखा तुटतो, व्होल्टेज त्या क्षणी शून्य होते आणि इन्व्हर्टरला ओळखायला कष्ट पडत नाहीत. प्रत्यक्षात फीडर (भागाला वीज आणणारी लाइन) ट्रिप होतो तेव्हा तसे घडत नाही. त्याच डीपीवर पिठाची गिरणी, बोअरच्या मोटारी किंवा वर्कशॉप असेल, तर वीज तुटल्यावरही त्या मोटारी आपल्या वेगाने काही क्षण फिरत राहतात आणि लाइनमध्ये उलट व्होल्टेज देतात. मोटारींना कपॅसिटर जोडलेले असतील तर हे व्होल्टेज आणखी रेंगाळते. २३० वरून ते उतरत उतरत खाली येते. वाइड मोडमधला इन्व्हर्टर ते १०० पर्यंत येण्याची वाट बघत बसतो, आणि एसएमपीएसने त्याआधीच मान टाकलेली असते. यात ना बॅटरी खराब, ना इन्व्हर्टर.

घरच्या घरी हा वेळ मोजता येतो, त्याला महागडे यंत्र लागत नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो मोशन असते. म्हणजे एक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची. इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या बोर्डातला लाल निऑन इंडिकेटर समोर धरावा, चित्रण सुरू करावे आणि दुसऱ्याने घराचा मेन स्विच बंद करावा. इंडिकेटर एरवीही सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे एक-दोन काळ्या फ्रेम नेहमीच्याच. सलग चार-पाच काळ्या दिसल्या तर २० मिलिसेकंदांच्या आत काम होते आहे असे समजावे. दहा-बारा दिसल्या तर मोड तपासावा. मोड यूपीएसवर असूनही तेवढ्याच दिसत असतील तर इन्व्हर्टरच्या आतल्या सर्किट कार्डची तपासणी करून घ्यावी. फक्त वर सांगितले ते लक्षात असू द्यावे: मेन स्विच बंद करून आलेला आकडा हा उत्तमातला उत्तम आकडा. खरी लाइट जाताना तो वाढलेला असू शकतो. आणि चाचणीसाठी इन्व्हर्टरचा प्लग उपसू नये. तो उपसला की अर्थिंगही सुटते. रिले चिकटलेला असेल, तर उपसलेल्या प्लगच्या पिनांवर २३० व्होल्ट उभे असू शकतात.

मिलिसेकंदांऐवजी एक-दोन सेकंदांचा पूर्ण अंधार होऊन मग दिवे येत असतील, तर दुखणे वेगळे. इथे बॅटरीकडे बघायचे, पण आधी तिच्या खुंटांकडे. पांढरी-हिरवट पूड साचलेली असते, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) हाताने हलते. हिशेब असा: ६०० वॅटच्या लोडला १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६० अँपिअरच्या पुढे करंट लागतो, आणि बदलाच्या पहिल्या झटक्यात दीडशेपर्यंत जाऊ शकतो. सैल जोडात एका ओहमचा शंभरावा भाग जरी रोध असला, तरी तिथे दीड व्होल्ट गळतात. एवढ्या करंटला बॅटरीचे व्होल्टेज स्वतःही घसरते; दोन्ही मिळून चांगल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट इन्व्हर्टरपर्यंत पोहोचेतो साडेदहाच्या खाली येऊ शकतात. साडेदहाला लो-बॅटरी कट लागतो, इन्व्हर्टर बंद होतो, लोड सुटताच व्होल्टेज वर येते, तो पुन्हा सुरू होतो. घरातल्यांना दिसते ते एवढेच: ‘इन्व्हर्टर उशिरा येतो.’

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. घर इन्व्हर्टरवर चालू असताना डीसी व्होल्टवर ठेवून एक काटा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरा त्याच खुंटावरच्या थिंबलवर टेकवावा. आकडा ०.०५ व्होल्टच्या आत हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर नव्या बॅटरीवर आत्ताच पैसे घालू नयेत. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडावी; पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून खुंट धुवावेत. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, नाहीतर आतले ॲसिड मारले जाईल. पुसून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. व्हॅसलीन आवळून झाल्यावर, आधी नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून सहाही सेल बघावेत. पूर्ण चार्जनंतर पाच सेल १.२४ च्या आसपास आणि एकच १.१५ वर असेल, तर मात्र बॅटरीचा दिवस भरला.

फ्रिज इन्व्हर्टरवर घेतलेला असेल तर तोही असाच खेळ करतो. कॉम्प्रेसर चालू असताना सप्लाय क्षणभर तुटला की तो आतल्या दाबाविरुद्ध लगेच सुरू होऊ शकत नाही, जागीच गुरगुरतो आणि नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद होतो आणि सोबत सगळे घर अंधारात जाते. फ्रिज इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढणे हा त्याचा स्वस्त इलाज. स्टॅबिलायझरचेही तसेच. तो इन्व्हर्टरच्या आधी लावू नये; त्याचा रिले टप्पा बदलताना होणारी तूट इन्व्हर्टरला लाइट गेल्यासारखी वाटते.

लाइट जाताच ईएलसीबी (विजेची गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल तर मुळाशी बहुधा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, असतो. बसवताना इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढतात आणि न्यूट्रल घरातल्या कुठल्याही न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. मग करंट जातो एका वाटेने आणि परततो दुसऱ्याच, ३० मिलिअँपिअरचा फरक झाला की ईएलसीबी आपले काम करते. तिला बायपास करणारे महाभाग आहेत. तसे कदापि करू देऊ नये. इन्व्हर्टरच्या लोडला स्वतंत्र न्यूट्रल ओढणे हाच उपाय. वायर आणि मजुरी धरूनही तो नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो.

लाइट परत आल्यावर इन्व्हर्टर पाच-दहा सेकंद मेनवर जात नाही, ही तक्रार मात्र सोडून द्यावी. तो जाणूनबुजून थांबतो. पावसात फांदी ११ केव्ही लाइनला टेकली की फीडर पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. प्रत्येक वेळी रिले नाचला तर त्याचे कॉन्टॅक्ट वर्षभरात जळतील.

छतावर सोलर बसवलेल्यांचा गैरसमज याहून मोठा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून ३ किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, पॅनेल लागतात, आणि पहिल्यांदा भरदुपारी लाइट गेली की घरचे चकित होतात: ऊन आहे, पण वीज नाही. ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेल्या, सोलर इन्व्हर्टरने ग्रिड गेल्यावर दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचे असते. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी तो नियम आहे आणि लाइट आल्यावरही तो लगेच सुरू होत नाही. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि त्यातही ‘बॅकअप’ लिहिलेल्या टर्मिनलवर जोडलेल्या वस्तूच चालतात. एसी आणि गीझर त्यावर टाकले तर तो ओव्हरलोडवर पडतो. लिथियम बॅटरीबद्दलही हेच: ती लवकर चार्ज होते, जास्त वर्षे टिकते, पण तिने बदलाचा वेळ एका मिलिसेकंदानेही कमी होत नाही.

वायफायसाठी एवढा खटाटोप नको. राउटर ४० मिलिसेकंदांसाठी विझला तरी पुन्हा जोडला जायला दोन-तीन मिनिटे घेतो. त्याच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर, २ अँपिअर असे काही लिहिलेले असते. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस हजार-दीड हजारांत मिळतो. त्यातली बॅटरी कायम राउटरला जोडलेली असते, त्यामुळे बदलाचा प्रश्नच येत नाही.

ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो तिथे यातले काहीच अंदाजावर सोडू नये. घरगुती ५ लिटरच्या यंत्राला साडेतीनशे वॅटच्या आसपास लागतात, त्यात बहुधा स्वतःची बॅटरी नसते, आणि थांबून पुन्हा सुरू झाल्यावर ऑक्सिजनचे प्रमाण पूर्ववत व्हायला काही मिनिटे जातात. साइनवेव्ह इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, त्या लाइनवर दुसरा लोड नाही, आणि शेजारी भरलेला सिलिंडर, असा बंदोबस्त हवा.

उत्पादकांकडे आमचे मागणे साधे आहे. खोक्यावर बदलाचा वेळ दोन्ही मोडचा, किती लोडवर मोजला यासह, मराठीत छापावा. आणि बसवून देणाऱ्याने बटण कुठल्या मोडवर ठेवले हे वॉरंटी कार्डावर लिहून सही करावी.

आपले नम्र,
घरगुती इन्व्हर्टर बसवणारे व दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक