ताई, तुम्ही मला बाहेरची मिनिटं मोजायला लावलीत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात माझ्या दातांवरचे अटॅचमेंट, म्हणजे अलाइनर पकडून ठेवणारे चिकटवलेले छोटे उंचवटे, निघाले, सरळ झालेले दात जागेवर ठेवणारा रिटेनर हातात आला, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही रजेवर होतात. डॉक्टरांचे आभार समोर बसून मानले. तुमचे, म्हणजे त्यांच्या मदतनीस ताईंचे, राहून गेले. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण पत्र बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे लावलेल्या आणखी कुणाला तरी तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

सुरुवातीला माझे २२ संच ठरले होते, प्रत्येक १० दिवसांचा. दिवसातले २२ तास तोंडात राहायला हवेत, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी मान डोलावली. झोप, काम, मधला वेळ, सगळं धरलं तर अवघड काय, असं वाटलं होतं. पण मी शिक्षिका. बोलणं हेच माझं काम. अलाइनर घातल्याबरोबर माझा 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळायला लागला. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला आणि चौथ्या दिवसापासून मी वर्गात जाताना अलाइनर काढून डबीत ठेवू लागले. आधी एका तासापुरते, मग ओळीने दोन-तीन तास, मग थेट शाळा सुटेपर्यंत. संध्याकाळी घालताना दात ठणकायचे. उपचार म्हटला की एवढं दुखणारच, अशी मी समजूत करून घेतली होती.

सातव्या संचाला तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि विचारलंत, "किती तास घालता?" मी म्हटलं, "वीस-एकवीस." तुम्ही काहीच बोलला नाहीत. आरसा माझ्या हातात दिलात आणि वरच्या डाव्या सुळ्याशेजारचा दात दाखवलात. बाकीच्या दातांवर प्लास्टिक घट्ट बसलं होतं. या एका दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये मात्र चमकणारी फट होती. "हा मागे राहिलाय," तुम्ही म्हणालात. "मी रागावणार नाही. खरे तास सांगा, म्हणजे डॉक्टरांना पुढचं नीट ठरवता येईल."

मी चौदा म्हटलं. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही, आणि त्या क्षणासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. त्या दिवशी बोलणी बसली असती, तर पुढच्या वेळी मी आणखी सफाईने खोटं बोलले असते. हे मला माझ्या वर्गातल्या मुलांवरून पक्कं माहीत आहे.

मग तुम्ही एका कागदावर दात काढून दाखवलात. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. एक अलाइनर एका दाताला साधारण तेवढंच, म्हणजे पाव मिलिमीटर सरकवतो. दाब पडतो त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम हलक्या पण न थांबणाऱ्या दाबावर चालतं. अलाइनर काढून ठेवला की ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढायला लागतात. "संध्याकाळी जे ठणकतं ना, तो दिवसभरात मागे आलेला दात असतो," तुम्ही म्हणालात. म्हणजे इतके दिवस मी रोज थोडं पुढे जाऊन रोज थोडं मागे येत होते, आणि दुखणं तेवढं फुकट सोसत होते.

डॉक्टरांनी सातवाच संच आणखी दोन आठवडे घालायला सांगितला. तुम्ही मला एक छोटी वही ठेवायला सांगितलीत. घातलेले तास लिहायचे नाहीत, तोंडाबाहेरची मिनिटं लिहायची. दिवसाला १२०. माझ्यापुरतं तरी सगळं या एका गोष्टीने बदललं. बावीस तासांतले दोन कमी झाले तर 'वीस झाले की' असं मन म्हणतं. पण १२० मिनिटांतली ४५ सकाळीच संपलेली दिसली की माणूस सावध होतो. काढणं, खाणं, दात घासणं, अलाइनर धुऊन परत घालणं, यात छोट्याशा खाण्यालाही वीस मिनिटं जातात हे वहीनेच दाखवलं. मधलं तोंड चाळवणं आठवड्याभरात आपोआप गेलं. अलाइनर तोंडात असताना साधं पाणी सोडून काही प्यायचं नाही, हा नियम मी आधी ऐकला होता, पण त्याचं कारण तुमच्याकडून कळलं: गोड पेय आत शिरलं की दाताला चिकटून साचतं, लाळ तिथे पोचून ते धुऊ शकत नाही, आणि कीड लागायला तेवढं पुरतं. गरम पेयाने प्लास्टिक वाकडं होतं, चहा-कॉफीने डाग पडतात, ते वेगळंच.

राहिला वर्ग. "मुलांना सरळ सांगून टाका," तुम्ही म्हणालात, "आणि रोज रात्री पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा." मी फळ्यासमोर उभी राहून सांगितलं की माझ्या दातांवर अलाइनर आहेत, काही दिवस माझे शब्द थोडे वेगळे ऐकू येतील. मागच्या बाकावरच्याच मुलाने विचारलं, "बाई, दुखतं का?" एवढंच. आठ-दहा दिवसांत जीभ सरावली आणि माझा 'स' परत आला.

किती बारीकसारीक गोष्टी तुम्ही शिकवल्यात. पुढून ओढायचे नाहीत, मागच्या दाढांच्या आतल्या बाजूने बोटाच्या टोकाने आधी एक बाजू, मग दुसरी सैल करायची. घातल्यावर च्युई, म्हणजे चावायची मऊ गुंडाळी, एकेका दाताखाली धरून पाच मिनिटं दाबायची. माझ्या मागे राहिलेल्या दाताची फट त्यानेच मिटत गेली. धुवायला थंड किंवा कोमट पाणी आणि मऊ ब्रश, टूथपेस्ट नको, कारण तिने चरे पडतात. आणि आधीचा संच कधीही टाकायचा नाही. एका समारंभात मी जेवताना अलाइनर कागदात गुंडाळून ठेवले आणि ते ताटाबरोबर कचऱ्यात गेले. रडवेल्या आवाजात फोन केला, तर तुम्ही आधी विचारलंत, "जुना संच आहे ना? तो आत्ता घाला. बाकीचं उद्या डॉक्टर बघतील." त्या दिवसापासून डबी माझ्या पर्समधून हलली नाही.

अलाइनर काढता येतात म्हणून सोपे, असं सगळीकडे ऐकू येतं. मला ते पटत नाही. तारा दातांना चिकटलेल्या असतात, पेशंटचा विचार बदलला तरी त्या आपलं काम करत राहतात. इथे दिवसातून चार-पाच वेळा उपचार पुन्हा सुरू करायचा असतो, आणि तो पेशंटनेच करायचा असतो. नंतर मी वाचलं की अमेरिकेतल्या हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ सालीच अशी कल्पना मांडली होती. प्रतिकृतीतले दात थोडे सरकवून त्यावर लवचीक साचा करायचा, आणि अशा साच्यांची मालिका केली तर मोठे बदलही होतील, असं त्यांना वाटत होतं. साचे आता संगणकावर ठरतात. घालणं मात्र अजून पेशंटच्याच हातात आहे, आणि ते निभवायला तुमच्यासारखं कुणीतरी लागतं.

२२ संचांनंतर पुन्हा स्कॅन झाला, आणखी सहा संच आले. तेव्हा मी खचले नाही. वहीत नवं पान उघडलं. आता रिटेनर आहे, सध्या दिवसरात्र, पुढे फक्त रात्री. त्याचीही मिनिटं लिहिते आहे.

पुढच्या महिन्यात तपासणीला येईन तेव्हा जुनी वही सोबत आणेन. सातव्या संचाची पानं त्यात आहेत, खाडाखोडीसकट. ती तुमच्याकडेच ठेवा, आणि एखादा पेशंट खुर्चीत बसून 'वीस-एकवीस' म्हणाला, तर त्याला खुशाल दाखवा.

तुमची कृतज्ञ पेशंट