अंतर एकच, पण जाण्यायेण्याचे तास वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीत गेल्या रविवारी दूरदूरच्या विमानतळांमधील अंतरांचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई ते न्यूयॉर्क 12,500 किलोमीटर आणि 14 तास, असे छापले आहे. अंतर बरोबर आहे. परंतु त्याला ताशी 900 किलोमीटरने भागून तास काढलेले दिसतात आणि तेच तास जाण्याला व येण्याला सारखेच लावले आहेत. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे हे वाचून गप्प बसवले नाही.

वर्गात मी पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून दाखवत असे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड असा वर सरकत आइसलँडवरून खाली उतरतो. ‘‘बाई, एवढ्या वरून कशाला?’’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारीच. 12,500 किलोमीटर ही त्या दोऱ्याची लांबी आहे, विमानाच्या वाटेची नव्हे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा तर या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घेणे भाग पडले.

दुसरे कारण वाऱ्याचे. विमाने उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. न्यूयॉर्कला जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून थेट विमानाला जाताना साधारण 16 आणि येताना साधारण 14 तास लागतात. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली, तरीही पाठीच्या वाऱ्यामुळे विमान आधीपेक्षा लवकर पोहोचले. भागाकाराने हे कसे कळणार?

हा केवळ शास्त्राचा काथ्याकूट नाही. माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात लेकीकडून परत यायला निघाली. विमान न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला सुटणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरणार होते. तिकीट काढून देणाऱ्याने घड्याळांची सरळ वजाबाकी करून तिला साडेचोवीस तास सांगितले. दोन्हीकडच्या वेळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, हे त्याच्या लक्षातच आले नाही. तिने त्या हिशोबाने रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर ‘आठ तासांनी’, ‘सोळा तासांनी’ असे पेन्सिलने लिहिले. सोळा तासांची पुडी उघडायच्या आतच ती मुंबईत उतरली होती आणि पुढची गोळी केव्हा घ्यायची, हे विचारायला तिने विमानतळावरूनच मला फोन केला. वयस्कर माणसे अशा छापील आकड्यांवर विसंबून औषधे, जेवण, न्यायला येणारी गाडी, सगळे ठरवतात.

म्हणून आग्रहाची विनंती आहे, की यापुढील तक्त्यात जाण्याचे व येण्याचे तास स्वतंत्र रकान्यांत द्यावेत, अंतर गोलावरचे की प्रत्यक्ष मार्गाचे ते लिहावे आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे असल्याने तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो, ही तळटीप अवश्य जोडावी.

कळावे,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा